एकास एक

मंगळवार, ता. ४
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
पारा आणि क्लोरीनचे आकडे एकसारखे आले, त्या क्षणी माझे दिवस पालटले बघ! कारखान्याच्या प्रयोगशाळेत लेबल गळालेलं पिंप आलं. पाऱ्याच्या भुकट्या आमच्याकडे दोन, दोन्ही पांढऱ्या; पिंपात कुठली ते कळेना. पारा-क्लोरीन एकास एक असेल तर मलमाची, एकास दोन असेल तर जहाल विष. साहेब रजेवर, म्हणून मीच तपासलं. दहा ग्रॅममध्ये पारा ७.४, क्लोरीन २.६. मग अणुभाराने भागाकार: पाऱ्याला दोनशेने भागलं, क्लोरीनला एकाहत्तरने, दोन्हीकडे ०.०३७. एकास एक! चिठ्ठी लिहून पिंप दळणखात्यात पाठवलं. तिथे ती असते, तुला सांगितलेली. कॉलेज सोडलेल्याची सही चालते का, म्हणून तिने मला खिजवलं. पण हसली गं!
आईला एवढ्यात सांगू नकोस. लोभ आहेच, आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा

गुरुवार, ता. ६
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.
आधी पिंप थांबव, मग पुढचं वाच. क्लोरीनला एकाहत्तरने का भागलंस? ते वायूतल्या दोन अणूंच्या जोडीचं वजन झालं. सूत्रासाठी एकेक अणू धरायचा, साडेपस्तीसने भागायचं. मग ०.०७३ येतात, पाऱ्याच्या दुप्पट. माझ्या वर्गातल्या मुलीही असंच चुकतात. मी लाल रेघ मारते नि सोडून देते. डोक्यात राख घालून कॉलेज सोडायच्या आधी हा धडा तरी पुरा करायचास.
बाबा म्हणतात, पोरगी भली असेल तर घरी आण. तिला त्या भुकटीपासून लांब ठेव.
चिडलेली, तरी तुझीच,
ताई

शनिवार, ता. ८
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
पत्र आत्ता मिळालं. भुकटी दळताना तिच्या नाकातोंडात गेली, ती कालपासून दवाखान्यात आहे. तोंड आतून सोललंय, लघवी बंद झालीय. डॉक्टरांनी भुकटी कसली म्हणून विचारलं, तर कारखान्याने माझीच चिठ्ठी पुढे केली. त्यामुळे साध्या पोटदुखीची औषधं चाललीत. तिचे वडील माझा हात धरून म्हणाले, पोरा, तू आहेस म्हणून धीर आहे.
साहेब परतलेत. म्हणतात, गप्प बस, उगाच आत जाशील. मी त्यांची कॉलर धरली नि सोडून दिली. भागाकार तर माझाच.
आता डॉक्टरांना खरं सूत्र सांगायचं, मग तिच्या वडिलांना. वाचली तर ती माझं तोंड बघणार नाही. न बघू दे, वाचू दे. आईला आता सगळं सांग. लोभ ठेव असं या खेपेला म्हणवत नाही.
साहेब मागून हाका मारतायत. दवाखान्यात निघालो, दार ओढून घेतो.
धाकटा