नंबर तोच आहे

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (आठांपैकी गुडघे रजेवर आहेत, बाकीची अंगं हजर). तुझं पत्र मिळालं. दोनच ओळींचं, आणि त्यात एकही शिवी नाही, म्हणून काळजी वाटली. लिहितोस की हल्ली सगळं मळकट दिसतं, वर्तमानपत्र वाचवत नाही, तेव्हा जाड नंबरचा नवा चष्मा करून पाठव. भाऊच चष्मेवाला म्हटल्यावर मागणी रास्त आहे. पण त्याआधी माझी गेल्या वर्षीची हकीकत वाच. तेव्हा मी तुला 'जरा कणकण होती' असं कळवून मोकळा झालो होतो.

दादा, मलाही सगळं मळकट दिसायला लागलं होतं. सकाळी उठवेना, जेवण घशाखाली उतरेना, दारात गिऱ्हाईक दिसलं की मी मागच्या खोलीत. आता चष्मेवाल्याला काही झालं तर ते डोळ्यांनाच झालं असणार, हा आमच्या धंद्याचा शहाणपणा. मी स्वतःचे डोळे तपासले. नंबर तोच निघाला, तर मशीन बिघडलं असं ठरवून नवा चष्मा केला. मग आणखी एक. मग दुकानातले दिवे बदलले आणि तरी उजेड पडेना, म्हणून दिवेवाल्याशी कडाक्याचं भांडलो (तो बिचारा अजून मला बघून रस्ता ओलांडतो). बायको हे सगळं बघत होती आणि मला एका शब्दानेही टोकत नव्हती. लग्नानंतर असं प्रथमच घडत होतं, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

मग एके दिवशी एक निवृत्त मुख्याध्यापिका डोळे तपासायला आल्या. "शेवटची ओळ वाचा," एवढं मी म्हणालो आणि पुढे तोंडातून शब्दच फुटेना. नुसतं डोळ्यांतून पाणी. कारण विचारशील तर काही नाही, कोणी गेलं नव्हतं, काही बुडालं नव्हतं. बाईंना वाटलं आपलंच वाचायला चुकलं. त्यांनी तक्ता वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला, आणि तरी मी गप्प म्हटल्यावर रुमाल पुढे केला. तिथून त्या तडक आमच्या घरी, बायकोला सांगायला. रात्री जेवताना बायको म्हणाली, "उद्या मनाच्या डॉक्टरांकडे जायचं. विचारत नाहीये, सांगतेय."

कोणी ओळखू नये म्हणून मी दुकानातला सर्वांत काळा चष्मा लावून गेलो. तो इतका काळा की दवाखान्यात शिरल्या शिरल्या माशांच्या काचपेटीवर आपटलो. मासे जागचे हलले नाहीत, पण बसलेली माणसं उठून उभी राहिली. "अहो चष्मेवाले, तुम्ही?" निम्म्यांच्या नाकावर माझ्याच दुकानातले चष्मे! एकाची काडी सैल झाली होती. माझ्या खिशात बारका स्क्रूड्रायव्हर असतोच. ती आवळली, तर पाठोपाठ रांग लागली. कित्येक आठवड्यांत मी केलेलं ते पहिलं धड काम.

डॉक्टरांना मी म्हणालो, "मी आळशी झालोय, दुसरं काही नाही." ते म्हणाले, "गिऱ्हाइकाला लांबचं दिसत नाही, तेव्हा त्याला आळशी म्हणता का तुम्ही?" याला नैराश्य म्हणतात, हा आजार आहे आणि यावर इलाज आहे, हे त्यांनी नीट समजावलं. नको ते विचार येतात का, असंही विचारलं. येत होते, दादा. मी सांगून टाकलं, आणि छातीवरचा दगड थोडा सरकला.

पहिल्या गोळीने तोंडाला कोरड पडली आणि मी गिऱ्हाइकासमोर घोरलो. डॉक्टरांनी ती बदलली. आम्ही चष्मेवाले नाही का भिंगं बदलून विचारत, 'आता बरं की मघाशी बरं?' तसंच ते विचारत गेले. मध्ये बरं वाटलं म्हणून मी स्वतःच्या अकलेने गोळ्या बंद केल्या आणि पुन्हा आडवा झालो. शिवाय एक समुपदेशक बाई आहेत, त्यांच्याशी बोलायला जातो. त्या म्हणाल्या, पूर्ण दुकान उघडवत नसेल तर अर्धं शटर उघडा. उघडलं. आमचे वकीलसाहेब पोटामुळे त्यात अडकले, तेव्हा त्यांच्यासाठी तरी पूर्ण उघडावं लागलं.

मग एका सकाळी बायको चहावरून माझ्यावर ओरडली आणि मला चक्क राग आला. किती महिन्यांनी मनात काहीतरी आलं! मी तिला तसं सांगितलं, तर ती हातातली किटली तशीच धरून रडली. अजूनही एखादी सकाळ जड जाते. पण दिवे मात्र चांगले निघाले. (दिवेवाल्याची माफी मागायची आहे.)

वहिनींना नमस्कार. तू आंघोळ केली नसशील तर करू नकोस, पण दोन घास खा.

तुझा,
ज्याला तू अजून चारचौघांत ढापण्या म्हणतोस तो

ता. क. – चष्मा पाठवत नाही. वहिनींनी तुझे डोळे तिकडे तपासून घेतले, त्याचा कागद त्यांनी मला आधीच धाडलाय. नंबर तोच आहे, दादा. डोळ्यांना काहीही झालेलं नाही.

आणखी एक – डॉक्टरांची शुक्रवारची वेळ घेतली आहे. सकाळच्या पहिल्या गाडीने तुला न्यायला येतोय. विचारत नाहीये, सांगतोय.

शेवटचं – काळे चष्मे दोन आणतोय, एक तुला, एक मला. लोक ओळखतीलच, त्याला इलाज नाही. तू फक्त माझा हात धरून चल. माशांची पेटी कुठे आहे ते मला ठाऊक आहे.