लवूने गाळलेली ओळ

तोंडवली,
१४ मे १९५९

प्रिय सौ. सावित्रीवहिनी,

तुला आणि दादाला नमस्कार. माझा खोकला गेला. तू पाठवलेली कोकमं पोचली, कुळथाचं पीठही पोचलं. दादाचा गुडघा कसा आहे?

बायकांना लिहा-वाचायला शिकवायच्या वर्गाचं तू विचारलंस. दिवाळीनंतर मी वीस पाट्या घेऊन इथे आले, पण पहिले दोन महिने दुपारी शाळेच्या पडवीत मी एकटीच बसायचे. एक दिवस वाटेत मथुराला गाठलं. तिचा नवरा मुंबईला गिरणीत आहे. म्हटलं, का येत नाहीस? डोक्यावरची घागर न उतरवताच ती म्हणाली, "अक्षरांनी घागर भरतली काय, बाई?"

दुसऱ्या दिवशी मीही कळशी घेऊन तिच्यामागे गेले. विहीर मैलभर लांब, आणि पाझर इतका बारीक की एका घागरीला अर्धा तास. बायकांची अख्खी दुपार तिथेच जायची. त्यांना कशाला हव्यात पाट्या? मी वर्गाचं नाव टाकलं. वाडीतली जुनी विहीर वाळूने बुजली होती. सत्यवान गवंड्याच्या दहा विनवण्या केल्या, तेव्हा तो ढासळलेले चिरे बसवायला तयार झाला. वाळू आम्ही बायकांनी उपसली, नऊ दिवस. हाताला घट्टे पडले. दहाव्या दिवशी पाणी लागलं, आणि गोडं लागलं.

मग कोणी न बोलावता मथुरा पडवीत येऊन बसली. "माका माज्या घोवाचा पत्र स्वता वाचूक व्हया," म्हणाली. "लवू वाचता तेवा अर्धी वाडी आयकता."

लवू म्हणजे इथला दुकानदार. वाडीतली सगळी पत्रं तोच वाचून दाखवतो.

गेल्या सोमवारी तिला पत्र आलं. चार ओळींना तिने तासभर घेतला. घर शाकारून घे, वासराला जप, असं सगळं लावत शेवटच्या ओळीवर आली आणि थांबली. मला वाटलं, जोडाक्षर अडलं. पण ती पत्र छातीशी धरून घरी पळाली आणि ट्रंकेतली जुनी पत्रं घेऊन आली. सहा वर्षांची! एकेक उघडून फक्त शेवट बघत गेली. 'तुझी आठवण येते.' प्रत्येक पत्रात तेच.

"परत्येक पत्रात आसा, बाई! आणि लवून माका एकदाय सांगूक नाय!" ती रडत होती की हसत होती, कोण जाणे. लवूला विचारलं तर बिचारा मान खाली घालून म्हणतो, "चार लोकांत ता कसा वाचतलंय?"

आता वर्गाला चौदाजणी येतात.

वहिनी, इथवर लिहून दोन दिवस पत्र तसंच ठेवलं होतं. मी निघाले तेव्हा दादा म्हणाला होता, "तुका हय काय कमी आसा गो?" तो रागावला, मी रडले, आणि तू मध्ये उभी राहिलीस. खरंच काही कमी नव्हतं. विधवा होऊन आले त्या दिवसापासून अकरा वर्षं तुम्ही मला उपाशी ठेवलं नाहीत की एक शब्द टाकून बोलला नाहीत. पण माझी वाट बघणारं कोणी नव्हतं. इथे मला दोन दिवस ताप आला, तर मथुरा दारात पेज घेऊन उभी.

तुमच्या घरी पोट भरलेलं होतं, डोक्यावर छप्पर होतं, म्हणूनच मला आणखी काही हवंसं वाटू शकलं. दादाला हे नीट समजावून सांग. कारण जूनमध्ये परत येईन म्हणाले होते, पण मी येत नाही. नोकरी कायम झाली, कागदावर सही करून पंधरा दिवस होऊन गेले. तुला कळवायचा धीर होत नव्हता.

पावसाआधी चार दिवस तू इकडे ये. चूल मी बघेन. वहिनी, तुला काय हवं असतं, हे अकरा वर्षांत मीही कधी विचारलं नाही. ये, आणि सांग.

तुझीच,
आनंदी