या वेळची पौर्णिमा आमच्याकडे

मंगळवार, ता. ७. सकाळी ६.१०
ठरलं. शनिवारी पौर्णिमेची पूजा आपल्या घरी. उपास निर्जळी. समोरच्या फ्लॅटमधला धाकटा भाऊ करतो तसला फळं-दूध हाणून नाही. आई दोन वर्षं त्याच्याकडे राहते म्हणून तो स्वतःला पुण्यवान समजतो. माझ्या मनात त्याच्याबद्दल काही नाही. फक्त आई आमच्या पूजेला बसली पाहिजे.

बुधवार, ता. ८
आजपासून राग बंद.
रजेचा अर्ज दिला. कारण : धार्मिक. साहेबांनी विचारलं, पुन्हा भावाशी वाजलं का. ऑफिसात बातम्या कोण पुरवतं ते शोधणे.

गुरुवार, ता. ९
आईला मुलीकरवी निरोप. 'बघू' म्हणाली म्हणे. म्हणजे हो.
बायको विचारते, उपास देवासाठी की भावाच्या नावाने? उत्तर दिलं नाही. (दिलं. म्हणून संध्याकाळचा चहा नाही.)

शुक्रवार, ता. १०
धाकट्याच्या चौरंगाहून मोठा चौरंग आणला. मावेना. फ्रिज सरकवला. आता बेडरूमचं दार अर्धंच उघडतं. बायको आडवी होऊन आत गेली आणि बोलायची बंद झाली. घरात शांतता. पूजेला पोषक.

शनिवार, ता. ११
सकाळी ९. तहान नाही.
११.३०. तहान नाही, हे मुलीला तीनदा सांगितलं.
दुपारी २. पुन्हा आंघोळ. थोडं पाणी तोंडात गेलं. ते आंघोळीत धरायचं.
४.१५. दाराच्या भिंगातून पाहिलं. समोर अकरा जोड चपला. दोन आमच्या घरच्या. फितूर.
६.००. एकटाच मांडामांड. डोकं गरगरतंय. हे तेज असावं.
७.४०. आई आली. शेजारी बसली, आरती म्हणाली. जिंकलो.

रविवार, ता. १२
काल पूजेनंतर आईला म्हटलं, शेवटी थोरल्याकडेच यावंसं वाटलं ना. ती म्हणाली, मला यायचंच नव्हतं. धाकटा मागे लागला. 'जा, नाहीतर तो हट्टाला पेटून पाणीसुद्धा प्यायचा नाही' म्हणाला. त्यासाठी त्याने स्वतःची पूजा तासभर आधी उरकली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि घरी गेली. घरी म्हणजे तिकडे.
चंद्र केव्हाच वर आला होता, उपास सोडायचा होता. आमच्याकडे स्वयंपाक नव्हता. करणारी समोरच्या घरी जेवत होती. मुलीने तिकडून झाकलेलं ताट आणलं. भाजीत मीठ कमी होतं. तसं बोललोही. ताटात काही उरलं नाही.
ताट घासून ठेवलंय. परत द्यायला बायको जात नाही, मुलगी जात नाही. दोघी म्हणतात, जेवलं कोण?