गोवराच्या लसीचं स्मरणपत्र

५ मार्च

चि. चिऊ हिस मावशीचे आशीर्वाद.

काल फोनवर तू बोलता बोलता म्हणालीस की ठमीची गोवराची लस ‘जरा राहिली आहे’, म्हणून हे पत्र. फोनवर तू नुसतं हं हं करतेस. ग्रंथालयात तेहतीस वर्षं काढली. उशिरा पुस्तक आणणारा प्रत्येक जण ‘जरा’च म्हणायचा. पोरीला नऊ महिने पुरे होऊन तीन आठवडे झाले. तुझं शिवणकाम, जावईबापूंचा ट्रक, सगळं मान्य. पण गोवर तुमची सवड बघून येत नाही. तारीख कळव. लोभ आहेच, सध्या राग पुढे आहे.

मावशी

९ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

खरं सांगते, कार्डच सापडत नाही. मशीनचा खण, चिंध्यांचं गाठोडं, ट्रकची कागदपत्रं, सगळं उपसलं. ह्यांचं म्हणणं, कार्ड नसेल तर सगळ्या सुया पहिल्यापासून टोचतील. शिवाय दवाखान्यातली नर्स इतकी कडक, की माझ्या आईपेक्षा तीच तुझी सख्खी बहीण शोभेल. तिला सांगायची छाती होत नाही. ठमी मजेत. काल माझी मोजायची टेप चावून मऊ केली. माया पातळ करू नकोस.

चिऊ

१३ मार्च

चि. चिऊस आशीर्वाद.

इथल्या नर्सला विचारून आले. पहिल्यापासून काही टोचत नाहीत. थांबलात तिथून पुढे. आधीच्या लसी दवाखान्याच्या नोंदवहीत असतात. कार्ड असो नसो, बुधवारी जा. हे जावईबापूंना मोठ्याने वाचून दाखव.

आता दुसरं. साडेतीन महिन्यांच्या लसीला मी तुमच्याकडे होते. कार्डावर मशीनच्या तेलाचा डाग बघून मला राहवलं नाही. कव्हर घालायला पिशवीत टाकलं. आज कपाट उघडलं. कव्हर घातलेलं, पाठीला कापडी पट्टी, आणि हाताच्या सवयीने क्रमांक टाकून ‘आरोग्य’च्या खणात उभं केलेलं. वर्गीकरण अचूक आहे. बाकी चूक माझी. रागावले ते परत घेते, हं हं सोडून. शेजारच्या शिक्षिकाबाई गुरुवारी तिकडे येताहेत, त्यांच्या हाती कार्ड देते. तोवर थांबू नकोस.

मावशी

२० मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

बुधवारी कार्डाविनाच गेलो. नर्सने नोंदवहीत दोन मिनिटांत नाव काढलं. ठमी एकदाच कडाडून रडली आणि नर्सच्या घड्याळाला लोंबकळली. आज कार्डावर नोंद करून घेतली, तेव्हा नर्स कव्हर उलटसुलट बघत राहिली. तिच्या फाटक्या नोंदवहीला असं कोण घालून देईल, असं विचारत होती. मी तुझं नाव सांगून बसले. रागावायचं तर येऊन रागाव.

चिऊ

पोच: शिक्षिकाबाईंच्या हस्ते लसीकरणाचं कार्ड, नग एक, कव्हर व क्रमांकासह, सुस्थितीत. मावशीकडून उशीर, सहा महिने. दंड: पुढच्या लसीला जातीने हजर राहणे.