धैवतावरचा मुक्काम

वाघोली,
१० नोव्हेंबर २०२४

ती. काकांस स्पृहाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमचा फोन तीनदा वाजून बंद झाला. चौथ्यांदा काकूने उचलला आणि तुमचा निरोप सांगितला, की फोन बिघडलेला आहे, काय असेल ते पत्राने कळवावं. बिघडलेल्या फोनवर हे सगळं अगदी स्वच्छ ऐकू आलं, ते असो. वाघोलीहून सदाशिव पेठेत पत्र पोचायला चार दिवस तरी लागतील, पण तुमच्यापुढे बोलायची आमची प्राज्ञा नाही.

तर, मी मासिक काढते आहे. कागदावरचं. चित्रं, सिनेमा आणि संगीत, एवढंच त्यात. नाव ‘बाल्कनी’. हिंजवडीची नोकरी मी ऑक्टोबरात सोडली. बाबांना अजून सांगितलेलं नाही, तेव्हा तुम्हीही सांगू नका. अंकाची मांडणी राजस करतो, तो माझ्या जुन्या ऑफिसातला मित्र. गणपतीत मासिकाचा बेत तुमच्या कानावर घातला होता, तेव्हा तुम्ही छान झालेत म्हणालात. मी तो आशीर्वाद समजले. राजसचं म्हणणं, तो मोदकांना होता.

आता काम सांगते. विमलाबाई ३० तारखेला पुण्यात गाणार आहेत, बारा वर्षांनी. तुम्ही तीस वर्षं पेपरात गाण्यावर लिहिलंत आणि दोन वर्षांपूर्वी एकदम थांबलात. का, ते कुणालाच सांगितलं नाहीत. मला सिनेमातलं थोडं कळतं, गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. या मैफिलीवरचा तुमचा लेख माझ्या पहिल्या अंकाला हवा. खरंच सांगते, तुमच्या नावाशिवाय या अंकाला कोणी हातही लावणार नाही, आणि मला दुसरं काही करायचं नाहीये. एवढं एकदाच ऐका.

काकूस नमस्कार. लोभ आहेच, तो या खेपेस लेखाच्या रूपाने दिसावा.

तुमची,
स्पृहा

•

सदाशिव पेठ, पुणे ३०
१६ नोव्हेंबर २०२४

चि. स्पृहास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून तिसरीतलंच आहे. आमच्याकडे बाल्कनीत कपडे वाळत घालतात. पुतणी काय करते असं कोणी विचारलं आणि मी बाल्कनी काढते म्हणून सांगितलं, तर महापालिकेचा माणूस चौकशीला यायचा. मासिक चालणार नाही. हे आत्ताच लिहून ठेवतो, म्हणजे काकांनी सांगितलं नव्हतं असं नंतर व्हायला नको.

मी लिहिणार नव्हतो. नकार लिहून पाकीट चिकटवलंही होतं. मग तुझ्या पत्रात बाईंचं नाव पुन्हा वाचलं आणि पाकीट फोडलं. त्यांना पहिल्यांदा ऐकलं ते त्र्याऐंशी साली. त्यांची पट्टी काळी पाच. तुला कळणार नाही म्हणून सांगतो. पेटीच्या एका सप्तकात काळ्या पट्ट्या पाच असतात, त्यातली शेवटची हा बाईंचा सा. तिथून मालकंस धरला की पेटीवाल्याला एकही पांढरी पट्टी लागत नाही, सगळा राग काळ्यांवर. बाई मालकंस गायला लागल्या की मी डोळे मिटून घ्यायचो. हल्ली मिटत नाही.

अटी आहेत. खुर्ची पहिल्या रांगेत, उजव्या टोकाची, पेटीवाल्याच्या बोटांवर नजर पडेल अशी. शेजारी ओळखीचं कोणी बसवू नकोस, लोक मध्येमध्ये बोलतात. आणि माझ्या मजकुरातल्या एका स्वल्पविरामालाही तू किंवा तुझा तो राजस हात लावणार नाही. पेपरात तीस वर्षं ही अट पाळली गेली.

तुझ्या बाबांना मी काही सांगणार नाही. तूच सांग, आणि लवकर.

लोभ ठेव, घाई ठेवू नकोस.

तुझा,
गोपाळकृष्ण काका

•

सदाशिव पेठ,
४ डिसेंबर २०२४

चि. स्पृहास अ. उ. आशीर्वाद.

लेख सोबत आहे. शीर्षक ‘धैवतावरचा मुक्काम’. तू मैफिलीला आली नाहीस, प्रेसमध्ये अडकलीस, हे बरं झालं. तू आली असतीस तर माझ्याशी बोलत बसली असतीस.

बाईंनी मालकंस मांडला. उत्तररात्रीचा राग संध्याकाळी सात वाजता! पण दहाला सभागृहाचे दिवे घालवतात, तिथे गाणाऱ्याने करायचं काय, म्हणून त्याबद्दल एकच ओळ लिहून सोडून दिलं आहे. नवल पुढेच आहे. मालकंसात माणूस षड्जाखेरीज विसावतो तो मध्यमावर. बाई पुनःपुन्हा कोमल धैवतावर येऊन थांबत होत्या. तान तिथे संपायची, समेला त्या तिथे यायच्या. चाळीस वर्षांत हे धाडस कोणी केलेलं मी पाहिलं नाही. सत्तरी उलटलेली बाई आपलं घर सोडते आणि परक्या स्वरावर बिऱ्हाड मांडते, असं लेखात लिहिलं आहे. पेटीला प्रज्ञेश नावाचा तरुण होता. बोटं स्वच्छ, उगाच नक्षी नाही.

बाईंनी मला ओळखलं. गाताना सारख्या माझ्याकडे बघत होत्या, मीही मान डोलावत होतो.

दोन वर्षांनी लिहायला बसलो. तुझ्या काकूला चहा दोनदा गरम करावा लागला. आभार मानायची माझी पद्धत नाही, म्हणून तुझे मानत नाही.

लेख नीट सांभाळ. दुसरी प्रत नाही. लोभ वाढो.

गोपाळकृष्ण काका

•

वाघोली,
१२ डिसेंबर २०२४

ती. काकांस सा. न. वि. वि.

लेख मी बसथांब्यावर वाचला आणि दोन बस सोडल्या. मला धैवत म्हणजे काय ते ठाऊक नाही, तरी त्या बाईंनी घर सोडलं तिथे मला रडू आलं. राजसने तर सिनेमाचं मुखपृष्ठ काढून टाकलं आणि तुमच्या लेखाचं केलं: पांढऱ्या कागदावर पाच काळ्या पट्ट्या आणि खाली एकच ओळ, ‘विमलाबाईंचा मालकंस’. स्वल्पविरामांना कोणी हात लावलेला नाही. मी मोजून घेतले.

जानेवारीत पाचशे अंक बांधून येतील. प्रकाशन २ फेब्रुवारीला. तुम्ही म्हणालात चालणार नाही, पण काका, हा लेख हातात आल्यापासून मला पहिल्यांदाच वाटतंय की चालेल.

लोभ होताच, आता त्यावर थोडा गर्वही चढलाय, तेवढा चालवून घ्या.

स्पृहा

•

वाघोली,
१८ जानेवारी २०२५

ती. श्यामलाकाकूस सा. न. वि. वि.

हे पत्र तुझ्या नावाने पाठवते आहे. काकांना दाखवू नकोस.

अंक आले. माझ्या खोलीत भिंतीला लावून थप्प्या रचल्या आहेत. काल प्रज्ञेश आले होते, त्या दिवशी पेटीवर होते ते. त्यांना आधी एक अंक दिला होता. चांगला माणूस आहे गं, अर्धा तास सिनेमावरच बोलत राहिला. मग खाली बघत म्हणाले की त्या दिवशी बाई मालकंस गायल्याच नाहीत. सुरुवातीपासून भूप होता. वयाने बाईंचा आवाज उतरलाय, आता त्या काळी तीनमध्ये गातात. पट्ट्या त्याच पाच काळ्या, पण पाचव्या पट्टीला सा धरला तर मालकंस होतो आणि तिसरीला धरला तर भूप. बाई ज्या स्वरावर पुन्हा पुन्हा येत होत्या तो कसला धैवत, तो त्यांचा सा होता. तिथे यायचंच असतं, असं ते म्हणाले.

भूप आणि मालकंस यांत गल्लत शिकाऊ माणूससुद्धा करत नाही म्हणे. मग काकांची कशी झाली? ते त्या दिवशी आजारी होते का? मुखपृष्ठावर मालकंस छापलाय. अंक असाच काढला तर गाण्यातली माणसं पहिल्याच दिवशी आम्हांला निकालात काढतील. पुन्हा छापणं होणार नाही, तेवढं बळच नाही. मी काय करू, सांग.

तुझ्या उत्तरावर सगळं अडलंय. लोभ असावा, आणि जरा धीरही पाठव.

स्पृहा

•

सदाशिव पेठ,
२३ जानेवारी २०२५

चि. स्पृहास अनेक आशीर्वाद.

हे बागेत फिरायला गेले आहेत तेवढ्यात लिहिते. आजारी नव्हते. यांना ऐकू येत नाही. दोन वर्षं होऊन गेली. आधी उजवा कान गेला, मग डावा. यंत्र आणलं, तर त्यातून भांडी ऐकू येतात, सूर येत नाही, म्हणून ते कपाटात आहे. मला शपथ घातली आहे की कोणाला सांगायचं नाही. माझं बोलणं ओठांवरून कळतं, बाकीच्यांच्या पुढे नुसती मान डोलावतात. तुझ्या त्या मासिकाचं गणपतीत त्यांना काहीच कळलं नव्हतं, पत्र आलं तेव्हा कळलं.

दुपारी रेकॉर्ड लावून बसतात. मागच्या आठवड्यात सुई अडकली आणि अर्धा तास एकच ओळ वाजत राहिली. हे डोळे मिटून मान डोलावत होते. मला उठून सुई उचलायचा धीर झाला नाही.

तो लेख लिहिला त्या दिवसापासून जेवण सुधारलं आहे. दुसऱ्या अंकाला काय द्यायचं याची टिपणं काढतात. अंक मागे घेतलास तर कारण सांगावं लागेल, आणि ते यांना सोसायचं नाही. काढलास तर लोक तुला हसतील. नोकरी सोडून तू हे केलंस, तेव्हा माझ्यासाठी कर असं म्हणायचा मला हक्क नाही. तरी म्हणते.

फाटक वाजलं. आवरते. माया पातळ करू नकोस.

श्यामलाकाकू

•

वाघोली,
९ मार्च २०२५

ती. काकांस सा. न. वि. वि.

प्रकाशनाला तुम्ही दोघं आलात, बरं वाटलं. तुम्हां दोघांना धरून अकरा माणसं होती. तुमचा लेख सगळ्यांना आवडला. एका जुन्या गवयांनी अंक परत पाठवला, पत्ता बदलला असेल.

बाकी तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. दुकानांनी पहिले आठ दिवस अंक पुढे ठेवला, मग मागे, मग घेऊन जा म्हणून फोन केला. लेख देतो म्हणालेले दोन गाणारे आता फोन उचलत नाहीत. राजसला बंगळूरला काम मिळालं, तो सोमवारी गेला. स्टेशनवर त्याला माझी नजर चुकवावी लागली, म्हणून मीच लवकर निघाले. मी एक तारखेपासून परत हिंजवडीला जाते. बस सव्वासातला. बाबांना अखेर सगळं एकदमच सांगितलं, नोकरी सोडली होती ती आणि लागली ती.

दुसरा अंक निघणार नाही, काका. तुम्ही टिपणं काढली आहेत असं काकू म्हणाली. ती ठेवा. मी खूप वेळ हे वाक्य लिहायचं टाळत होते.

लोभ होता तेवढाच राहू द्या, वाढवायला आता निमित्त उरलं नाही.

स्पृहा

•

सदाशिव पेठ,
२० मार्च २०२५

चि. स्पृहास आशीर्वाद.

परवा विमलाबाईंचं पत्र आलं. प्रज्ञेशकडून अंक त्यांच्या हाती पडला. मला वाटलं शाबासकी असेल, म्हणून देवापाशी ठेवून मग फोडलं. त्यांनी लिहिलं आहे की मालकंस सोडून सहा वर्षं झाली, आता तो झेपत नाही. आवाज काळी तीनवर आला आहे. हे त्यांनी बाहेर कुठे सांगितलेलं नाही आणि श्रोत्यांना ते कळतही नाही. त्या संध्याकाळी पहिल्या रांगेत मी त्यांना दिसलो. त्यांची काळी पाच ओळखणारा मीच एक माणूस तिथे होतो, माझ्यापासून काही लपणार नाही, असं वाटून त्या सबंध मैफल भीत भीत गायल्या. मी मान डोलावली की त्यांना वाटायचं, मी माफ करतो आहे.

आणि मला, स्पृहा, एक स्वर ऐकू आला नव्हता.

पत्र मी तुझ्या काकूपुढे ठेवलं. तुला जानेवारीपासून माहीत होतं हे तिने मग कबूल केलं. म्हातारा दुखावेल म्हणून तू अंक तसाच जाऊ दिलास. मी तुझ्यावर रागावलो आहे. स्वल्पविरामाला हात लावू नकोस असं बजावणारा मीच, म्हणून तो राग धड तुझ्यावर ठरत नाही आणि घरभर फिरतो. तुझं मासिक चालणार नाही म्हणालो होतो. ते मीच बुडवीन हे मात्र ध्यानात आलं नव्हतं.

टिपणं फाडून टाकली. यापुढे लिहिणार नाही. पण छापलेली चूक तशीच सोडून जायची मला सवय नाही. शुद्धिपत्र पुढच्या अंकात द्यायचा रिवाज आहे, आणि पुढचा अंक नाही. तेव्हा खालचा मजकूर चिठ्ठ्यांवर छापून घे आणि तुझ्या खोलीत उरलेल्या अंकांत नवव्या पानावर एकेक चिकटव. कोणी उघडून बघणार नाही हे मला कळतं. तरी चिकटव. बाईंना मी हाताने लिहून पाठवलं आहे.

शुद्धिपत्र

पान ९ : लेखाचे शीर्षक रद्द समजावे.
पान ९ ते १४ : ‘मालकंस’ आहे तेथे ‘भूप’ वाचावे. ‘धैवत’ आहे तेथे ‘षड्ज’ वाचावे.
याच पानांवर ‘ऐकले’ असे जेथे जेथे आहे, तेथे ‘पाहिले’ असे वाचावे. लेखकाला ऐकू येत नाही.

मजकुरात बदल करायचा असेल तर कर. या वेळी अट नाही.

कळावे. लोभ असू दे, पण फोन करू नकोस. तो कधीच बिघडलेला नव्हता.

तुझा,
गोपाळकृष्ण काका