कडी फडक्याने धरली त्या दिवसांबद्दल

ती. स्व. दादा यांस,

सादर नमस्कार. तुमची पाठ आता कशी आहे? तुम्ही अजून कपाट एकट्याने सरकवता असं वहिनींकडून कळलं, तेव्हा पाठ ठीक असावी आणि डोकं नसावं (हे शब्द तुमच्या धाकट्या बहिणीचे, मी फक्त लेखनिक). आम्ही दोघं बरे आहोत. गेल्या महिन्यात हे वाक्य मला लिहिता आलं नसतं.

झालं असं, की हिने वाचनालयातल्या शिबिरात रक्त दिलं आणि दहा दिवसांनी फोन आला: रक्तात हेपेटायटिस बीचा विषाणू सापडलाय, डॉक्टरांना दाखवा. मी दुकानात एका आजोबांच्या चष्म्याला काडी बसवत होतो. ती उलटी बसली (आजोबा तसाच घालून गेले, अजून तक्रार नाही). मग माझी बुद्धी कामाला लागली. हिचं ताट वेगळं, पेला वेगळा, टॉवेल वेगळा. दाराची कडी मी चष्मे पुसायच्या फडक्याने धरू लागलो. अंथरूण बैठकीतल्या सोफ्यावर हलवलं, जो माझ्यापेक्षा वीतभर आखूड आहे.  तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर हिने आपली भांडी आपणच धुऊन खिडकीत वेगळी पालथी घातली, आणि मी अर्ध्या ताटावरून उठलो. त्यात, दादा, मनात एक घाणेरडा प्रश्नही होता. हा आजार शरीरसंबंधातून येतो म्हणतात, मग हिला कुणाकडून आला? विचारलं नाही, पण तोंडावर दिसत असणार.

डॉक्टर बाईंना मी वेगळ्या भांड्यांचं सगळं अभिमानाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "एका ताटात जेवा, जवळ बसा, काही होत नाही. तो रक्तातून आणि शरीरसंबंधातून जातो. ब्रश, दाढीचं पातं, नेलकटर तेवढं वेगळं ठेवा."  घरातली एवढी एकच वस्तू वेगळी करायची राहिली होती, नेलकटर. मग माझं रक्त तपासलं, लसीचे तीन डोस सांगितले, आणि लस लागू पडल्याचं तपासून कळेपर्यंत कंडोम वापरा म्हणाल्या. औषधाच्या दुकानात मी आधी कापूस घेतला, मग खोकल्याच्या गोळ्या, मग पुन्हा कापूस. शेवटी दुकानदारीण म्हणाली, "कंडोम ना? तुमच्या मिसेस सकाळीच घेऊन गेल्या."

माझा रिपोर्ट स्वच्छ आला. हिचं यकृत ठणठणीत आहे, सध्या औषधही नको, फक्त दर सहा महिन्यांनी तपासणी. काल ही माझ्याच पेल्यातून पाणी प्यायली, माझ्याकडे बघत बघत. इतकं हलकं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं. लसीची पहिली सुई मी परवा धीराने घेतली.

तुमचा,
मेहुणा

ता.क. तो प्रश्न. डॉक्टर बाई म्हणाल्या, हा विषाणू कित्येकदा जन्मतानाच आईकडून येतो आणि वर्षानुवर्षं गप्प बसतो. त्यात कुणाचाच दोष नसतो. मी हिची माफी मागितली. विचार करून सांगते म्हणाली.

ता.क. २. म्हणून खरं काम हे: सासूबाईंचं आणि तुमचं रक्त याच आठवड्यात तपासून घ्या. ही फोन करणार होती, पण तिला तुम्ही हसून टाळाल, म्हणून मी लिहिलं.

ता.क. ३. तुम्ही सुईला घाबरता हे मला कळलंय. 'धीराने' हा शब्द वर मी उगाच घातला. परवा हिने माझा हात धरला होता आणि नर्सने पाय. वहिनींना सोबत न्या. त्यांचंही रक्त तिथेच तपासून होईल.