सुनेला लिहू नये असं

घोटी, ३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. उज्वलास सावळीरामचे आशीर्वाद. वि. वि. महेशला तुरुंगात भेटून आलो. तिथं सगळ्यांचं रक्त तपासलं, त्याच्या रक्तात साखर निघाली. तर तूही तपासून घे. त्र्यंबकला ओळखीचे फार, तू नाशिकला जा. उगीच काळजी करू नको, पण जा. फोनवर बोललो असतो, पण तुझी आई स्पीकर लावते.

लोभ कमी करू नये.
सावळीराम

—

त्र्यंबक, ११ फेब्रुवारी

ती. मामांस उज्वलाचा शि. सा. नमस्कार. वि. वि. तपासून आले. साखर नाही. नवऱ्याची साखर बायकोला लागते का, असं विचारलं तर डॉक्टर हसायलाच लागले. मामा, तुम्ही म्हणजे! हे रविवारी तुरुंगातून रजेवर येणार ना? मी शनिवारीच घोटीला येते. वहिनी चिडवतात, दिवाळीच्या रजेनंतर आत्ताच उजळलीस म्हणून.

माया असू द्या.
उज्वला

—

घोटी, १३ फेब्रुवारी

चि. उज्वला, आशीर्वाद. तू येऊ नको. साखर नाही, मी खोटं लिहिलं. महेशला एचआयव्ही आहे. तुझी सासू असती तर तिनं तुला जवळ बसवून सांगितलं असतं. सासऱ्यानं सुनेला काय लिहावं?

बराकीत बाया नसतात, मग हे कुठून आणलंस, असं मी त्याला विचारलं. त्यानं मान खाली घातली. तेव्हा समजलं, आणि विचारल्याचीच लाज वाटली. दिवाळीला आला तेव्हा त्यालाही ठाऊक नव्हतं, असं म्हणतो. पण तेव्हा तू त्याच्याजवळ होतीस. पोरी, ती तपासणी कर. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, ते घेऊन माणूस जगतो, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. मी त्याला ओट्यावर झोपवीन. गावात कोणी विचारलं तर काय सांगू, तेही सुचत नाही.

रागावलीस तरी पत्र टाक.
सावळीराम

—

त्र्यंबक, २२ फेब्रुवारी

ती. मामांस नमस्कार. पत्र वाचून दोन दिवस जेवले नाही. तुम्ही साखर लिहिलीत आणि मी हसत परत आले. शनिवारी निघाले असते तर? पण शेवटी लिहिलंत ते तुम्हीच. त्यांनी नाही.

तपासणी केली. रिपोर्ट हातात आहे. काय आला ते तुम्हाला कळवत नाही. तुमच्या जिवाला घोर लागेल, मला माहीत आहे. पण हे सासऱ्यानं विचारायचं नाही. ह्यांची रजा अजून आहे. त्र्यंबकची एसटी घोटीहूनच सुटते. त्यांनी इथं यावं, माझ्यासमोर बसावं, आणि मला स्वतः विचारावं.

तुमच्यावर राग धरला नाही, एवढं खरं समजा.
उज्वला